बेलफास्टला जायचंय, तिकीट डब्लिनचं: ब्रेक्झिटनंतर ही सीमा नेमकी आहे तरी कुठे?

नाशिकची माया

मंडळी नमस्कार. मुलगी सप्टेंबरमध्ये एमएस्सीसाठी बेलफास्टला निघाली आहे. प्रवेश झाला, फी भरली, यूकेचा विद्यार्थी व्हिसाही आला. आता गाडी अडलीय तिकिटावर. इथल्या एजंटने आखातमार्गे डब्लिनचं तिकीट सुचवलंय. लंडनपेक्षा बरंच स्वस्त आहे, डब्लिन विमानतळाच्या दारातूनच बेलफास्टची बस मिळते, दोनेक तासांत पोचते आणि वाटेत एकही चेकपोस्ट नाही, असं त्याचं म्हणणं.

माझा गोंधळ असा की यूकेने ब्रेक्झिट केलं, म्हणजे युरोपीय संघ सोडला, ते आपल्या सीमा आपल्या हातात घेण्यासाठी, असंच इतकी वर्षं ऐकत आलोय. आयर्लंड युरोपीय संघात राहिलं, बेलफास्ट उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे यूकेत. मग या दोघांमधला रस्ता उघडा कसा? आणि उघडाच असेल तर मुलीने त्यावरून जायला हरकत काय? आमच्या घरात दोन तट पडलेत. हे म्हणतात, जिथे शिपाई उभा नाही तिथे कसला कायदा. मला काही ते पटत नाही. तिकिटाचे पैसे परवा भरायचे आहेत, जाणकारांनी कृपया सांगावं. सुट्टीत तिला डब्लिन आणि पॅरिसही बघायचं आहे.

फॉईलकाठी

मायाताई, ते तिकीट काढू नका. बाकी चर्चा होत राहील, आधी एजंटला फोन करा.

डब्लिनला उतरली की तिच्यापुढे आयर्लंडचा इमिग्रेशन अधिकारी असेल. तिच्याकडे व्हिसा आहे यूकेचा आणि आयर्लंड हा वेगळा देश. तिथे भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, बाहेर पडून लगेच बस पकडायची असली तरीही. मुळात मुंबईतच विमानात चढू देणार नाहीत, आणि चढू दिलंच तर डब्लिनहून परत पाठवतील. मी उत्तर आयर्लंडमधल्या डेरीला नऊ वर्षं नर्स आहे. दर सप्टेंबरला अशी एक तरी मुलगी ऐकायला मिळते.

हीथ्रोला उतरून तिथून बेलफास्टचं देशांतर्गत विमान घ्यायला सांगा. इमिग्रेशन हीथ्रोलाच होतं.

रानजाई

+१. फॉईलकाठी म्हणतात ते शब्दशः खरं आहे. पैसे वाचवायची ही जागा नाही.

सह्यकडा

ताईंचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण त्यात तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ब्रेक्झिटवर बोलताना तिकडचे लोकही ती करतात.

पहिली गोष्ट शेंगेन. युरोपातल्या बऱ्याच देशांनी आपसातली पासपोर्ट तपासणीच उठवली. करार १९८५ चा, अंमल १९९५ पासून. यूके आणि आयर्लंड यात कधीच नव्हते. म्हणजे ब्रेक्झिटआधीही पॅरिसहून लंडनला येणाऱ्याला पासपोर्ट किंवा ओळखपत्र दाखवावंच लागायचं. 'ब्रेक्झिटने सीमा परत आली' हे या अर्थाने चूक आहे. तपासणी आधीपासूनच होती.

दुसरी मुक्त संचार. हा हक्क माणसाचा. पोलंडचा किंवा पोर्तुगालचा नागरिक खिडकीत पासपोर्ट दाखवून आत यायचा, पण त्याला कोणी 'का आलास, किती दिवस, नोकरी आहे का' विचारू शकत नव्हतं. राहा, काम कर, बायकामुलांना आण. २३ जून २०१६ ला ५१.९ टक्के लोकांनी संघ सोडायचा कौल दिला, ३१ जानेवारी २०२० ला यूके बाहेर पडलं, आणि हा हक्क संपला ३१ डिसेंबर २०२० च्या रात्री अकराला. ब्रेक्झिटने काढलं ते हे.

तिसरी गोष्ट यूके आणि आयर्लंड यांच्यातलं सामाईक प्रवासक्षेत्र. ते १९२० च्या दशकापासून आहे, युरोपीय संघाच्या कितीतरी आधीपासून. दोघांचे नागरिक एकमेकांकडे जाऊ, राहू, काम करू शकतात. ब्रेक्झिटने याला हात लावला नाही. तुम्हाला दिसतो तो उघडा रस्ता यामुळे आहे. पण हा हक्क ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांचा. रस्ता सगळ्यांना उघडा दिसतो, परवानगी सगळ्यांना नाही.

जुना पुणेकर

सह्यकडा, उत्तम मांडलंत. माझी एक शंका आहे. माणसांचं समजलं, मालाचं काय? मी ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आयुष्य काढलं. मुलुंडच्या जकात नाक्यावर रात्र रात्र ट्रक उभे असायचे. ड्रायव्हर खाली स्टोव्हवर चहा करायचा आणि क्लीनर पावती घेऊन खिडकीशी रांगेत. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. त्यानंतर पहिल्यांदा नाक्यावरून गाडी न थांबता गेली तेव्हा आमच्या ड्रायव्हरने मला मुद्दाम फोन करून सांगितलं होतं. आपण नाके उठवत होतो त्याच सुमारास तिकडे लोक नाके बसवायला का निघाले, हे मला आजवर उमगलेलं नाही.

केंटचा कारकून

पुणेकर काका, याचं उत्तर माझ्या रोजच्या कामात आहे. मी अ‍ॅशफर्डजवळ मालवाहतुकीच्या एका कंपनीत कस्टम्सचे कागद करतो.

२०२० पर्यंत बर्मिंगहॅमहून मिलानला गेलेल्या ट्रकला काय कागद लागायचे? मालाची यादी आणि ड्रायव्हरचा पासपोर्ट. १ जानेवारी २०२१ पासून प्रत्येक पार्टीच्या मालाचं निर्यात डिक्लेरेशन, पलीकडे आयात डिक्लेरेशन, माल कुठे बनला याचा दाखला, मांस किंवा चीज असेल तर पशुवैद्याने सही-शिक्का केलेलं आरोग्य प्रमाणपत्र. एका ट्रकमध्ये वीस-तीस छोट्या व्यापाऱ्यांचा माल एकत्र भरलेला असतो. त्यातल्या एकाच्या कागदावर कोड चुकला की सगळा ट्रक उभा. पहिल्या वर्षी छोट्या व्यापाऱ्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडून दिलं, ते मी टेबलापलीकडून पाहिलंय. चीज बनवणारं एक म्हातारं जोडपं होतं. प्रमाणपत्राचा खर्च ऑर्डरपेक्षा जास्त होतोय हे त्यांना मी समजावून सांगत होतो आणि ते मलाच 'तुमची चूक नाही' म्हणत होते.

उलट दिशेने, म्हणजे युरोपातून येणाऱ्या मालाची तपासणी यूकेने पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. खाद्यपदार्थांची प्रत्यक्ष तपासणी सुरू व्हायला ३० एप्रिल २०२४ उजाडलं. तीही डोव्हर बंदरावर नाही. तिथे एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला समुद्र, जागाच नाही. म्हणून ट्रक सुमारे ३५ किलोमीटर आत सेव्हिंग्टनला बोलावतात.

डिसेंबर २०२० मी विसरणार नाही. कोविडच्या नव्या विषाणूमुळे फ्रान्सने दार लावलं. ब्रेक्झिटची मुदत दहा दिवसांवर, त्यामुळे आधीच गर्दी. एम-२० महामार्गावर आणि मॅन्स्टनच्या जुन्या धावपट्टीवर हजारो ट्रक, ऐन नाताळात. पोलिश, रुमानियन ड्रायव्हर, ना संडास ना जेवण. ग्रेव्हझेंडच्या गुरुद्वारात स्वयंपाक झाला आणि खालसा एड या शीख मदतसंस्थेच्या गाड्या गरम जेवण घेऊन आल्या. एका ड्रायव्हरने छोले-भाताचा डबा दोन्ही हातांत धरून नुसताच ऊब घेत ठेवला होता, उघडलाच नाही कितीतरी वेळ.

रानजाई

हे वाचून गलबलून आलं.

मडगांवचो

सह्यकडा यांनी लिहिलेल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल मला लिहायचंय, कारण ती आमच्या घरातून गेलीय.

मी इंग्लंडमधल्या स्विंडनला २०१३ पासून. वडील गोव्यातल्या सासष्टीचे, जन्म १९५३ चा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांची आणि त्यांच्या मुलानातवंडांची नोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात करता येते. ती झाली की माणूस पोर्तुगीज. पोर्तुगीज म्हणजे युरोपीय, आणि युरोपीय म्हणजे आज उतरला, उद्यापासून स्विंडनच्या गोदामात कामाला. व्हिसा नाही, स्पॉन्सर नाही, पगाराची अट नाही. आमच्याकडचे कितीतरी जण असे स्विंडनला, साउथॉलला आले. त्या बदल्यात भारतीय नागरिकत्व गेलं, कारण आपल्याकडे दुहेरी चालत नाही. तो निर्णय करताना माझी आई देवापुढे बराच वेळ बसली होती.

ब्रेक्झिट ठरल्यावर सरकारने युरोपीयांसाठी सेटलमेंट स्कीम काढली. पाच वर्षं राहिल्याचा पुरावा असेल तर कायम, कमी असेल तर तात्पुरता दर्जा. अर्ज मोबाईलवरून. सुरुवातीला अ‍ॅप फक्त अँड्रॉइडवर चालायचं, आणि आमच्या पाळीत चांगला अँड्रॉइड माझ्याकडे. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये रांग लागायची. पासपोर्ट मिटून त्यावर फोन ठेवायचा, हलवायचा नाही, चिपचा आवाज येईपर्यंत श्वास रोखून सगळे बघत बसायचे. मग चेहरा. स्क्रीनवर लाल-हिरवे-निळे रंग चमकायचे आणि साठीच्या बायका डोळे मिटायच्या, की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मावशीला सात वर्षं झालेली, पण वीजबिल, काउन्सिल टॅक्स सगळं मुलाच्या नावावर. पुरावा काही निघेना, तिला तात्पुरताच दर्जा मिळाला. तिने सात वर्षं रोज पहाटे चारला उठून काम केलं होतं. त्याचा कागद कुठून आणणार?

आता धाकट्या भावाचं. त्याचे कागद लिस्बनला अडकले, वडिलांच्या आडनावाचं स्पेलिंग दोन दाखल्यांवर दोन तऱ्हेचं. नागरिकत्व हाती आलं एप्रिल २०२१ मध्ये. दार ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालेलं. आम्ही दोघे एकाच बापाचे, पासपोर्टही एकाच देशाचा. मी इथे कायम, तो इथे पाहुणा. सहा महिने राहू शकतो, एक दिवसही काम करू शकत नाही. तो आता डब्लिनला असतो, कारण आयर्लंड संघात आहे आणि तिथे त्याचा हक्क शाबूत आहे.

वेम्ब्लीचे नाना

धागा वाचतोय. इथे सगळे एकाच बाजूचे दिसतात म्हणून लिहितो. मी २०१६ ला बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं, आणि आजही तेच मत देईन.

१९७१ ला आलो. माझा पासपोर्ट २०१६ लाही भारतीयच होता. कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आम्हाला त्या मतदानात मत होतं. शेजारच्या पोलिश कुटुंबाला नव्हतं, हे अनेकांना ठाऊक नसतं. मुलाच्या लग्नाला सांगलीहून सख्ख्या बहिणीला बोलावलं. बँकेचे कागद, जमिनीचा सातबारा, नवऱ्याचं पेन्शन, सगळं जोडलं, तरी व्हिसा नाकारला. त्याच महिन्यात आमच्या गल्लीत एक युरोपीय माणूस नुसतं ओळखपत्र दाखवून राहायला आला. त्याच्यावर माझा राग नव्हता, माणूस चांगला होता. पण ज्या देशासाठी आमच्या आधीच्या पिढीने युद्धात रक्त सांडलं, तिथे आमच्या माणसाने लग्नाला यायलाही याचना करायची आणि दुसऱ्याला सताड उघडं दार, हे मला न्याय्य वाटलं नाही. १९६२ च्या कायद्याआधी कॉमनवेल्थच्या लोकांनाही इथे मुक्तपणे येता येत होतं, तेही कुणाला आठवत नाही.

१ जानेवारी २०२१ पासून गुणांची पद्धत आली. पुण्याचा इंजिनिअर आणि वॉर्साचा इंजिनिअर एकाच रांगेत. मी मत दिलं ते यासाठी.

फॉईलकाठी

नाना, बहिणीचं वाचून फार वाईट वाटलं. माझ्या आईचाही व्हिसा एकदा नाकारलाय, ते दुःख मला कळतं. पण रांग एक झाली ती कशी, हेही बघा. आपल्याला त्यांचा हक्क मिळाला नाही, त्यांचा काढून घेतला. २०२३ च्या मध्यापर्यंतच्या वर्षभरात निव्वळ स्थलांतराचा, म्हणजे आलेले वजा गेलेले, आकडा नऊ लाखांच्या वर गेला. त्यात आपले विद्यार्थी, आपल्या नर्सेस मोठ्या संख्येने होत्या. मग तेच डोळ्यांवर आलं. मार्च २०२४ पासून केअर वर्करना, म्हणजे वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्यांना, कुटुंब आणता येईना, जुलै २०२५ मध्ये बाहेरून केअर वर्कर आणणंच बंद. कुशल कामगाराची पगाराची अट ४१,७०० पौंडांवर गेली. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड. माझ्या वॉर्डातली केरळची एक मुलगी दोन वर्षांच्या लेकराला व्हिडिओ कॉलवर घास भरवते. युरोपीय माणसाचं दार लावल्याने आपलं उघडलं, असं मला कुठे दिसत नाही.

मडगांवचो

नाना, मी तुमच्या त्या युरोपीय शेजाऱ्यासारखाच, पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन आलेला. तुमच्या बहिणीवर अन्याय झाला हे मला मान्य आहे. त्याची भरपाई माझ्या भावाकडून व्हावी, हे मान्य नाही.

वेम्ब्लीचे नाना

मडगांवचो, तुमच्या भावाचं आधी वाचलं होतं, तरी माझं लिहिताना ते मनात ठेवायला हवं होतं. मत बदलत नाही, पण तुमचं म्हणणं मनाला लागलं. मुदतीच्या आत अर्ज केलेल्या आणि कागद अडकलेल्या लोकांना सरकारने सूट द्यायला हवी होती. ते मी कुठेही सांगेन.

रानजाई

नाना आणि मडगांवचो यांच्यात एक दुवा आहे, तो सांगते. १९९२ चा सुरिंदर सिंग खटला. ब्रिटिश बायको, भारतीय नवरा. दोघे जर्मनीत काम करून इंग्लंडला परतले. युरोपीय न्यायालयाने ठरवलं की ब्रिटिश नागरिक दुसऱ्या युरोपीय देशात काम करून परत आली तर तिच्या जोडीदाराला युरोपीय कायद्याचं संरक्षण मिळतं. म्हणजे ब्रिटनच्या कडक नियमाऐवजी युरोपचा सैल नियम लागू. २०१२ मध्ये जोडीदार आणायला १८,६०० पौंड उत्पन्नाची अट आली तेव्हा कितीतरी ब्रिटिश लोक आयर्लंडला जाऊन काही महिने काम करून नवऱ्याबायकोला घेऊन परतले. माझ्या ओळखीत कोल्हापूरचा एक जावई याच वाटेने लीड्सला पोचला. ब्रेक्झिटने ही वाटही गेली. उत्पन्नाची अट आता २९,००० आहे. म्हणजे मुक्त संचाराचा फायदा आपल्याही लोकांना होत होता, नाना.

तुपसाखर

गंभीर चर्चेत एक अवांतर विचारू का? आम्ही मँचेस्टरला असतो, नणंद रॉटरडॅमला. २०२१ च्या दिवाळीत फेरीने गेलो. गाडीत फराळ आणि घरी कढवलेलं किलोभर तूप. पलीकडच्या बंदरावर कस्टम्सवाल्याने बरणीचं झाकण उघडलं, वास घेतला, 'सुंदर आहे' म्हणाला आणि निळ्या डब्यात टाकली. दूध, मांस आणि त्यांचे पदार्थ यूकेतून युरोपात न्यायला आता बंदी. लेक रडायला लागली, आजीच्या पद्धतीचं तूप म्हणून. २०१९ ला हीच बरणी घेऊन गेलो होतो, कोणी गाडी थांबवलीही नव्हती. हापूसचंही तसंच आहे का?

केंटचा कारकून

तुपसाखर, फळांनाही आता यूकेतून युरोपात जाताना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, अननस, नारळ, खजूर यांना सूट आहे, आंब्याला नाही. उलट दिशेनेही आता अवघड झालंय. गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाच्या साथीमुळे एप्रिल २०२५ पासून युरोपातून मांस आणि दुधाचे पदार्थ ब्रिटनमध्ये आणायलाही प्रवाशांना बंदी आली.

हापूसवरून आठवलं, मे २०१४ ला युरोपीय संघाने फळमाशीमुळे भारतीय आंब्यावर बंदी घातली तेव्हा लंडनचा बाजारही बंद झाला होता, कारण नियम एकच. ती बंदी २०१५ च्या सुरुवातीला उठली. आता लंडनला आंबा येतो तो लंडनच्या नियमाने, पॅरिसला पॅरिसच्या.

बाभूळबन

हापूस आला म्हणजे धागा मराठीच आहे याची खात्री पटली :)

स्पेनच्या टोकाला असलेल्या जिब्राल्टर या ब्रिटिश प्रदेशाचं कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. तिथे जवळजवळ ९६ टक्के लोकांनी संघात राहायचा कौल दिला, कारण रोज सुमारे पंधरा हजार माणसं स्पेनमधून कामाला येतात. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याने १९६९ ला फाटक बंद केलं तेव्हा कुटुंबं कुंपणाच्या दोन बाजूंना उभी राहून ओरडून एकमेकांना बाळं दाखवत होती. पूर्ण उघडायला १९८५ उजाडलं. ज्यांनी हे पाहिलं ते कसे विसरतील? जून २०२५ मध्ये समझोता झाला, त्यात तपासणी विमानतळावर आणि बंदरावर नेऊन कुंपण काढायचं ठरलं. सीमा मिटली नाही, हलवली.

नाशिकची माया

सगळ्यांचे मनापासून आभार. काल फॉईलकाठी यांचा प्रतिसाद वाचून लगेच एजंटला फोन केला. आधी म्हणाला, 'मॅडम, सगळे असेच जातात.' मग त्याला म्हटलं, लेखी दे. त्यावर गप्प झाला. हीथ्रोमार्गे तिकीट काढलं. अकरा हजार जास्त गेले, पण रात्री झोप लागली.

मडगांवचो, तुमचं ह्यांना वाचून दाखवलं. मावशींच्या पहाटे चारच्या कामापाशी ह्यांनी थांबायला सांगितलं.

अजून एक विचारते. मुलगी तिथे राहायला लागल्यावर मैत्रिणी म्हणणार, चल शनिवारी डब्लिनला, बस आहे. तेव्हा काय? आणि मूळ प्रश्न राहिलाच, तो रस्ता दिसतो कसा?

फॉईलकाठी

मायाताई, छान केलंत. आता सविस्तर लिहिते, कारण मी त्या रेषेवर राहते.

उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यातली सीमा जवळजवळ ५०० किलोमीटर, रस्ते दोनशेहून जास्त ठिकाणी ती ओलांडतात. काही शेतांच्या मधून जाते. १९२३ ला तिथे कस्टम्सची नाकी बसली, १९९३ ला संघाच्या एकसामाईक बाजारपेठेमुळे उठली. उत्तर आयर्लंड यूकेत राहावं की आयर्लंडला जोडावं यावरून झालेल्या हिंसाचाराच्या काळात सैन्याची ठाणी होती, छोटे रस्ते काँक्रीटचे ठोकळे टाकून बंद केले होते. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर ती ठाणी गेली. माझ्याबरोबरची वयस्क नर्स सांगते, लहानपणी आजीकडे जाताना सैनिक गाडीची डिकी उघडायला लावायचे आणि ती मागच्या सीटवर बाहुली घट्ट धरून बसायची. तिथे पुन्हा एक साधी खिडकी जरी उभी राहिली तरी काय होईल या भीतीने ब्रेक्झिटची सगळी बोलणी अडली होती. म्हणून मालाची तपासणी जमिनीवरून उचलून समुद्रात नेली, ब्रिटन आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये. २०२३ च्या विंडसर कराराने ती जरा सैल झाली. माझ्या फ्रिजमधल्या चीजवर आज छापलेलं असतं, 'ईयूसाठी नाही', म्हणजे युरोपीय संघात विकायला नाही. माझ्या घरापासून ईयू गाडीने दहा मिनिटांवर आहे.

आता रस्ता. न्यूरीहून डब्लिनकडे निघालं की पाटी नाही, फाटक नाही. वेगाच्या पाट्या मैलांच्या किलोमीटर होतात आणि कडेची पांढरी रेष पिवळी होते. बस एवढंच. पण आयरिश पोलीस बस थांबवून कागद बघतात, नेहमी नाही, कधीतरी. बेलफास्ट-डब्लिन आगगाडीतही बघतात. माझ्या मैत्रिणीला अशाच एका बसमधून उतरवलं होतं. ती बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते, म्हणून कागद आधी तिचेच मागितले. त्या मैत्रिणीला शनिवारची ती सहल अजून आठवते, आणि व्हिसाच्या पुढच्या प्रत्येक फॉर्मवर 'तुम्हाला कधी प्रवेश नाकारला आहे का' याला तिला 'हो' लिहावं लागतं.

माझा स्वतःचा अनुभव लेकीचा. ती सात वर्षांची असताना शाळेची सहल बनक्रानाला, समुद्रकिनाऱ्यावर, पलीकडे आयर्लंडच्या डोनेगलमध्ये. फॉर्मवर सही करायची होती. वर्गात एकटी तीच भारतीय पासपोर्टवाली, बाकी सगळे ब्रिटिश किंवा आयरिश. व्हिसा काढायला वेळ नव्हता. त्या दिवशी मी रजा घेतली, तिला अलीकडच्या पोर्टरशच्या किनाऱ्यावर नेलं आणि तसंच आइस्क्रीम दिलं. संध्याकाळी तिने विचारलं, 'आई, तो समुद्र वेगळा आहे का?' गेल्या वर्षी आम्ही ब्रिटिश नागरिक झालो. पहिल्या शनिवारी बनक्रानाला गेलो.

तर मुलीला सांगा: डब्लिनला जायचं तर आयर्लंडचा वेगळा व्हिसा, एकवारीचा ६० युरो, अनेकवारीचा १००. यूकेत राहूनच अर्ज करता येतो, निदान दोन महिने आधी करावा. यूकेच्या पर्यटक व्हिसावर आलेल्यांना आयर्लंडमध्ये जी सवलत मिळते ती विद्यार्थी व्हिसाला लागू नाही, तिथेच पुष्कळ जण फसतात. पॅरिससाठी तिसरा व्हिसा, शेंगेनचा. आयर्लंडचा तिथे चालत नाही.

सह्यकडा

पॅरिसबद्दल भर. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या हद्दीवर बाहेरच्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घेणं टप्प्याटप्प्याने सुरू झालं. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांनाही, कारण ते आता बाहेरचे. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवसच राहता येतं. पॅरिसची आगगाडी सुटते त्या लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवर फ्रेंच पोलीस बसतात आणि तिथेच सगळं होतं. गाडीच्या बऱ्याच आधी पोचायला सांगा.

जुना पुणेकर

केंटचा कारकून आणि फॉईलकाठी, तुमच्या दोघांच्या प्रतिसादांनी माझी शंका फिटली. त्या चीजवाल्या जोडप्याचं पुढे काय झालं?

केंटचा कारकून

काका, ते आता फक्त स्थानिक बाजारात विकतात. शनिवारी मी त्यांच्याकडूनच घेतो.

मडगांवचो

मायाताई, मुलीचा आयर्लंडचा व्हिसा झाला की मला इथे निरोप ठेवा. भाऊ डब्लिनला आहे, बस स्टँडवर घ्यायला येईल. आमची वहिनी फिशकरी करते, मुलगी मासे खात नसेल तर सोलकढी तरी पिईलच.

नाशिकची माया

मासे खाते हो, आनंदाने खाते! डोळे भरून आले. आणि तुपसाखर, तुमचं वाचून आठवलं, मी तिच्या बॅगेत तूप घालणार होते. भारतातून यूकेला चालतं का?

तुपसाखर

नाही हो ताई. भारतातून दुधाचं काहीच नेऊ देत नाहीत, तूप, पेढे, खवा काही नाही. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, कुरडया बिनधास्त घाला. बेलफास्टला लोणी सुरेख मिळतं. तिला कढवायला शिकवून पाठवा.